किशोर गटातले दोन चढाईपटू : पुढे कोण जाईल, हे कसे ताडावे

सांगली-साताऱ्यात जत्रेच्या कबड्डी स्पर्धा सुरू झाल्या की प्रत्येक मंडळाला पुढच्या तीन-चार वर्षांचा गडी हवा असतो. निवड मात्र होते ती त्या रात्री कोणी जास्त गुण घेतले यावर. चौदा-पंधराच्या वयात गुणांइतके फसवे काही नाही. आज कोण चांगला आणि उद्या कोण चांगला, हे दोन प्रश्न सुरुवातीपासूनच वेगळे ठेवा.

आधी जन्मतारीख. शालेय स्पर्धांचे वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे एकाच गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षभराने मोठा असतो. कॅनडाच्या ज्युनियर आइस हॉकीत १९८० च्या दशकातच अभ्यासकांना आढळले, की निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले फार जास्त आहेत. गुणवत्ता म्हणून जे दिसत होते, त्यात वाढलेल्या अंगाचा वाटा मोठा होता. कबड्डीत तर अंगाशी अंग भिडते. म्हणून नावापुढे जन्ममहिना लिहाच, तोही जन्मदाखला पाहून. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला तर दोनदा पाहा. मास्तरांनी सोयीने टाकलेली ही तारीख आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही.

मग वाढ. मुलांची उंची सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वात वेगाने वाढते, वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत. दर तीन महिन्यांनी, सकाळच्याच वेळी, अनवाणी उभे करून भिंतीशी उंची घ्या. वेग ओसरला असेल तर मुलाचे बरेचसे अंग भरून झाले आहे. दुसऱ्याची वाढ अजून बाकी असेल, तर आजची बरोबरी खरी बरोबरी नव्हे. पुढच्या उंचीचा ढोबळ अंदाज असा : आई-वडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज, त्यात १३ मिळवा, दोनाने भागा. मुलींसाठी १३ वजा करा. आठ-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होते, त्यामुळे एवढ्यावरून कोणाला घरी पाठवू नका.

किशोर गटाची वजनमर्यादा ५५ किलो, कुमार गटाची ७०. जेवण-पाणी तोडून ५५ मध्ये बसणारा मुलगा सामन्यात थकलेला दिसतो आणि नाहक मागे पडतो. वजनकाट्याचा दिवस सोडून त्याचे नेहमीचे वजन नोंदवा.

आता खेळ. मोबाइल मध्यरेषेच्या सरळ रेषेत, मैदानाबाहेर, आठ-दहा फूट उंचावर बांधा. दोन्ही अंगणे दिसली पाहिजेत. एका सामन्यावर निकाल देऊ नका, प्रत्येकाच्या निदान साठ चढाया जमवा. प्रत्येक चढाईपुढे पाच गोष्टी : समोर किती गडी, बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा) की स्पर्शाचा गुण, रिकामी (गुणाविना परत) की बाद, सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई होती का, आणि प्रतिस्पर्धी संघ कोणत्या दर्जाचा.

समजा, पहिल्याच्या १०० चढायांत ५५ गुण आहेत, पण त्यातले २५ बोनसचे. दुसऱ्याच्या ६० चढायांत ३६, बोनस फक्त ६. स्पर्शाचे गुण दोघांचे ३० च. म्हणजे पहिल्याचे चढाईमागे ०.३० आणि दुसऱ्याचे ०.५०. बोनस समोर सहा किंवा सात गडी असतानाच मिळतो, त्यामुळे समोर चार-पाच उरले की पहिल्याकडे काय आहे, हे वेगळे काढावे लागते. आता बाद होणे पाहा. दोघेही १५ वेळा बाद, म्हणजे १५ टक्के आणि २५ टक्के. इथे दुसरा कच्चा वाटतो. पण त्याच्या पंधरापैकी नऊ वेळा तिसरी चढाई होती, जिथे रिकामे परतले तरी बादच. संघ अडचणीत त्यालाच पाठवतो आहे. त्या चढाया बाजूला काढल्याशिवाय तुलना करणे अन्यायाचे.

प्रतिस्पर्ध्याचा दर्जा हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा रकाना. गल्लीतल्या संघाविरुद्धचे दहा गुण आणि जिल्हा संघाच्या कोपरारक्षकांसमोरचे चार गुण एका बेरजेत घालू नका. तीन दर्जे करा, प्रत्येकाची सरासरी वेगळी काढा. वरच्या दर्जासमोर कोणाचे आकडे कमी घसरतात, तिकडे लक्ष द्या.

पकडीतून सुटताना काय होते, ते चित्रफीत हळू करून पाहा. अंगच्या जोराने चार जणांना ओढत मध्यरेषा गाठणारा किशोर गटात टाळ्या घेतो. कुमार गटात ७० किलोचे गडी तसे ओढले जात नाहीत. याउलट घोट्यावर हात पडण्याआधीच पाय काढून घेणारा, नजर कोपऱ्यावर ठेवून मध्यरक्षकाला टिपणारा मुलगा वरच्या गटातही टिकतो. मातीवर वाढलेला मुलगा मॅटवर आला की सुरुवातीला वळताना घसरतो. पहिल्या महिन्यातले मॅटवरचे आकडे तुलनेत धरू नका.

सगळ्याला गुण देऊन एकच आकडा काढायचा मोह टाळा. ‘आजचा खेळ’ आणि ‘वाढायला जागा’ असे दोन रकाने ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा भरा आणि फरक पाहा. तरीही दोघे बरोबरीत राहिले आणि एक डावखुरा असेल, तर त्याला घ्या. तसे चढाईपटू कमी, आणि बहुतेक बचावफळ्यांना त्या बाजूचा सराव नसतो.