पुण्याहून लोकलने लोहगड आणि भाजे: एका दिवसाचा बेत

पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरल्यास लोहगड आणि भाजे लेणी ही दोन्ही ठिकाणे स्वतःच्या वाहनाशिवाय एका दिवसात पाहता येतात. मात्र आधी काय पाहायचे हे निघण्यापूर्वीच ठरवलेले बरे. लेणी वाटेत आधी लागतात, म्हणून अनेक जण प्रथम तेथे चढतात आणि मग भर उन्हात गडाची वाट धरतात. मुळात भाज्याचे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी ते सावलीत असते. त्यामुळे सकाळी गड आणि परतताना लेणी, हाच क्रम योग्य ठरतो.

पहाटेची लोकल पकडावी. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल घ्यावी. मळवली हे पुढचेच स्थानक आहे. स्थानकाबाहेर पडून द्रुतगती मार्ग पुलावरून ओलांडला की भाजे गाव येते आणि तेथून गायमुख खिंडीपर्यंत चढती वाट आहे. खिंडीच्या एका बाजूला विसापूर आणि दुसऱ्या बाजूला लोहगड उभा आहे. विसापूरही त्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा, कारण मग लेण्यांसाठी उजेड उरत नाही.

लोहगडवाडीतून पायऱ्यांनी चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. पुरंदरच्या तहात 1665 साली मोगलांना दिलेला हा गड मराठ्यांनी 1670 मध्ये परत घेतला. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. माथ्यावरून विंचूकाट्याच्या लांब, अरुंद सोंडेवर अवश्य जावे, मात्र जोरदार वारा किंवा दाट धुके असल्यास माघारी फिरावे. माथ्यावर सावली फारशी नसल्याने पाणी भरपूर घ्यावे.

दुपार कलताना भाज्याला उतरावे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदलेल्या या चैत्यगृहाचा लाकडी दर्शनी भाग कधीच नष्ट झाला आहे, त्यामुळे उतरत्या उन्हाला अडवणारे काही उरलेले नाही आणि आत झुकलेले अष्टकोनी खांब व छताच्या लाकडी कमानी नीट पाहता येतात. लाकडी बांधकामाची ही दगडातली नक्कल इतकी काटेकोर आहे की, आधाराची गरज नसतानाही कारागिरांनी खांब तिरपेच ठेवले. जवळच असलेला स्तूपांचा समूह आणि दक्षिणेकडील विहारातील (भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यातील) रथारूढ व गजारूढ आकृतींची शिल्पे चुकवू नयेत. सायंकाळी लेणी बंद होतात, हे ध्यानात ठेवून गडावरून वेळेत निघावे.

पावसाळ्यातील रविवार मात्र टाळावा. अरुंद दरवाजांत गर्दी तुंबते, दगडी पायऱ्या निसरड्या होतात आणि प्रशासन काही वेळा पर्यटनस्थळांवर बंदीही घालते. ऑक्टोबरनंतरचा काळ अधिक सोयीचा. एक्स्प्रेस गाड्या मळवलीला थांबत नसल्याने परतीच्या लोकलची वेळ सकाळीच पाहून ठेवावी.