जुना कन्सोल घरी आणलाय? आधी प्लग लावू नका

नागपुरात दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचे जुने व्हिडिओ गेम खाली येतात. काही भाच्या-पुतण्यांकडे जातात, काही कबाड्याच्या ठेल्यावर. जमवणाऱ्यांचा खरा हंगाम हाच. पण वर्षानुवर्षं माळ्यावर धूळ खाऊनही शाबूत राहिलेला कन्सोल बऱ्याचदा नव्या मालकाच्या हातात आल्यावर पहिल्या तासाभरात जातो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: न मोजता दिलेला करंट.

राउटरचा ॲडॅप्टर

मूळ ॲडॅप्टर हरवलेलाच असतो. घरात नऊ व्होल्टचा एखादा सापडतो, तो वाय-फाय राउटरचा. पिनही बरोबर बसते. ‘नऊचाच तर आहे’ म्हणून लावला जातो, आणि बोर्डावरून वास येतो.

राउटरच्या ॲडॅप्टरला साधारणपणे आत प्लस आणि बाहेर मायनस असतं. निन्टेन्डोचा १९८३ चा जपानी फॅमिकॉम नेमका उलटा आहे: १० व्होल्ट, ८५० मिलिॲम्पिअर आणि आत मायनस. सेगाने तर कमालच केली. पहिल्या मेगा ड्राइव्हला आत मायनस, दुसऱ्या मॉडेलला आत प्लस. दोघांच्या पिना वेगळ्या मापाच्या आहेत म्हणून मूळ ॲडॅप्टर चुकीच्या मशीनला बसत नाही. पण बाजारात मिळणाऱ्या सहा तोंडांच्या मल्टिपिन ॲडॅप्टरला हा अडसर नसतो. तिथेच घात होतो.

आपल्याकडे घरोघरी खेळला गेलेला ‘टीव्ही गेम’ म्हणजे याच फॅमिकॉमची नक्कल, आणि नकलेला नियम नसतो. सॉकेटजवळ खूण असेल तर ठीक. नसेल तर झाकण उघडा. आत धातूची पाठ असलेला तीन पायांचा एक भाग दिसेल. तो ७८०५ रेग्युलेटर. आलेल्या नऊ व्होल्टचे पाच करणं हे त्याचं काम. त्याची धातूची पाठ म्हणजे ग्राउंड. प्लग काढलेला असताना मल्टीमीटर बीपवर ठेवा, एक टोक त्या पाठीला आणि दुसरं सॉकेटच्या मधल्या पिनला लावा. बीप वाजली तर आत मायनस. बाहेरच्या पत्तीला वाजली तर आत प्लस. कुठेच वाजली नाही आणि सॉकेटलगत चार डायोड दिसले, तर ब्रिज रेक्टिफायर आहे, त्याला उलट-सुलट चालतं. एनईएस, म्हणजे फॅमिकॉमची परदेशी आवृत्ती, अमेरिकेत असाच आहे. त्याचा ॲडॅप्टर मुळात एसी देतो.

मग मीटर डीसी व्होल्टवर घ्या आणि कार्ट्रिज (गेमची कॅसेट) न लावता कन्सोल चालू करा. काळं टोक रेग्युलेटरच्या मधल्या पायावर, लाल टोक बाहेर जाणाऱ्या पायावर. अक्षरं आपल्याकडे धरली तर तो उजवीकडचा. पायांवर टोक घसरून दोन पाय एकमेकांना जोडले जाणार नाहीत इतका हात स्थिर हवा. ४.८ ते ५.२ च्या दरम्यान आकडा दिसला की पुढे जा. सहा-सात दिसले तर लगेच बंद करा. रेग्युलेटर शॉर्ट झालाय आणि पुढच्या चिपा त्या मार्गावर आहेत. डावीकडच्या पायावर बारा-तेरा व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या नऊच्या ॲडॅप्टरवर लोड कमी असला की एवढे येतातच. आकडा ठीक पण चित्रात आडवे काळसर पट्टे वर-खाली सरकतात? मग रेग्युलेटरशेजारचा मोठा कपॅसिटर सुकलाय. नागपूरच्या सीताबर्डीवर सुट्या पार्टच्या दुकानात तो अगदी किरकोळ पैशांत मिळतो. मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा, व्होल्टेज त्याहून जास्त चालेल, कमी नाही. आणि प्लस-मायनस बघूनच बसवा.

परदेशातून कुणी कन्सोल आणून दिला असेल तर पाठीवरचं लेबल आधी वाचा. जपानचा १०० व्होल्ट, अमेरिकेचा १२०, आपल्या घरात २३०. पहिलं प्लेस्टेशन आणि जाडा प्लेस्टेशन २ यांचा पॉवर सप्लाय आतच असतो, म्हणजे नुसती पिन बदलून भागत नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० वॉटचा पुरतो. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर नकोत.

‘ओरिजिनल’ म्हणून दिलेले पैसे

नव्वदच्या दशकात इथे विकले गेलेले बहुतेक टीव्ही गेम क्लोन, म्हणजे नकला होत्या. त्यात कमीपणा काही नाही, फक्त भाव क्लोनचा द्या. मात्र सगळे क्लोन सारखे नसतात. उघडल्यावर आत डांबराच्या थेंबासारखा एकच काळा गोळा दिसला तर सगळं मशीन त्या गोळ्यात आहे. तो गेला की दुरुस्ती संपली. जुन्या बोर्डांवर चाळीस पायांच्या दोन सुट्या चिपा असतात. त्यांवर यूएमसीचे यूए६५२७पी आणि यूए६५३८ हे नंबर दिसले तर बिनधास्त घ्या. तैवानी कंपनीने ही जोडी आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठीच जुळवली होती, त्यामुळे जपानी गेम नीट चालतात, फक्त पन्नास हर्ट्झमुळे सुमारे १७ टक्के हळू. युरोपचा खरा एनईएस तेच गेम तेवढेच हळू चालवतो, शिवाय काहींचं चित्र बिघडवतो! नकलेने अस्सलाला मागे टाकल्याचं असं उदाहरण विरळाच.

फुंकर, पॉलिश पेपर, थिनर

कार्ट्रिजमध्ये फुंकर मारणं आपल्या पिढीच्या हाडात मुरलंय. गेम चालू होतो तो फुंकरीने नाही, कार्ट्रिज काढून पुन्हा घातल्यावर पिना नव्याने टेकतात म्हणून. फुंकरीतली वाफ मात्र तांब्यावर राहते आणि तांबं हिरवं पडतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरे. फार काळं असेल तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने. पॉलिश पेपरने सोन्याचा मुलामा निघतो, तो परत येत नाही. थिनर आणि ॲसिटोन तर खोलीतही आणू नका, कव्हरचं प्लास्टिक विरघळतं.

सेव्ह होणाऱ्या गेमच्या कार्ट्रिजमध्ये बटणाएवढा सेल असतो. तो बदलताना सेव्ह जातो, आधी कॉपी काढता आली तर काढा. नव्या सेलवर थेट सोल्डर मारू नका, तापून फुटू शकतो. पत्त्या लावलेला सेल मागा. आणि सोल्डरिंगची पेस्ट इलेक्ट्रॉनिक्सची हवी. नळाच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट बोर्ड खाते.

डिस्क फिरते, पण वाचत नाही

प्लेस्टेशनवाल्यांची ही कायमची तक्रार. इथली लाडकी चूक म्हणजे लेझरच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवणं. तो स्क्रू लेझरचा करंट ठरवतो. अंदाजाने वाढवला की आठवडाभर गेम झकास चालतो, मग लेझरच जातो. आधी भिंग पुसा. मग लेझर ज्या दांड्यांवर सरकतो त्यांवरचं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावा. बरेचदा एवढ्यावर काम होतं.

नवा लेझर टाकूनही डिस्क हलत नसेल तर त्याच्या छोट्या बोर्डावर बघा. स्थिर विजेपासून वाचवायला कारखान्यात दोन बिंदू सोल्डरने जोडलेले असतात. जोडणी झाल्यावर तो थेंब काढायचा असतो. अनेकांना हे माहीतच नसतं आणि चांगला लेझर खराब म्हणून परत जातो. पातळ प्लेस्टेशन २ मध्ये डिस्कवर गोल चरा पडत असेल, तर लेझरची रिबन केबल वर फुगून डिस्कला घासतेय. केबल खाली दाबून टेपने बसवा.

दोष टीव्हीचा, शिक्षा कन्सोलला

चित्र काळं-पांढरं येतंय? जपानी किंवा अमेरिकी कन्सोल एनटीएससी या तिकडच्या पद्धतीचं चित्र देतो, जुना पाल टीव्ही त्याचे रंग ओळखत नाही. बंदूक चालत नाही? एलईडीवर चालणारच नाही, तिला डब्बा टीव्हीचा विशिष्ट क्षणी उमटणारा प्रकाश लागतो. अँटेनाच्या वायरने नव्या टीव्हीवर ‘नो सिग्नल’? पिवळी-पांढरी एव्ही वायर वापरा. यांपैकी कशासाठीही स्क्रू खोलायची गरज नाही. डब्बा टीव्हीचा तर अजिबात नाही. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

पिवळं प्लास्टिक आणि मे महिन्याचं ऊन

पिवळं पडलेलं कव्हर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने पांढरं होतं, हे खरं. पार्लरच्या सामानाच्या दुकानात १२ टक्क्यांचं क्रीम मिळतं. परदेशातले व्हिडिओ बघून लोक ते फासतात आणि कव्हर गच्चीवर ठेवतात, मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत. क्रीम बघता बघता वाळतं, जिथे वाळलं तिथे पांढरे चट्टे पडतात, आणि पातळ झाकण वाकतं. हे काम डिसेंबर-जानेवारीचं. हातमोजे आणि चष्मा घाला, स्टिकर-स्प्रिंगा काढा, क्रीमवर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि अधूनमधून क्रीम सारखं करत राहा. पिवळेपणा काही वर्षांत परतू शकतो. मला विचाराल तर एकसारखं पिवळं कव्हर तसंच ठेवावं, चट्ट्यांपेक्षा ते दिसायलाही बरं.

मॉडच्या आधी

मूळ फॅमिकॉमला एव्ही नाही, त्यामुळे तो मॉड करावाच लागतो, म्हणजे बोर्डात फेरबदल. एका ट्रान्झिस्टरचं काम आहे. पण मशीन आधी मूळ अवस्थेत धड चालू द्या. बंद पडलेल्या बोर्डावर मॉड केला की जुना बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे कळत नाही. एका वेळी एकच बदल, आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत. नव्या सॉकेटसाठी कव्हरला ड्रिल मारण्यापेक्षा आरएफच्या (अँटेनाच्या वायरच्या) जुन्या भोकातून वायर बाहेर घ्या.

ठेवायची जागाही नीट निवडा. उन्हाळ्यात स्लॅबखालचा माळा भट्टी असतो, आणि कुलरच्या झोतासमोर ठेवलेल्या कन्सोलच्या पिना महिन्याभरात काळ्या पडतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून पलंगाखाली सरकवा. गेम बॉय असेल तर सेल काढूनच.