दुपारी बंद पडणारा गाडीचा एसी : कंप्रेसरचा क्लच कसा तपासावा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला मी धुळ्याहून भुसावळला निघालो. सकाळी सातला एसी झकास चालला होता. परतीच्या वाटेवर, दुपारी दोनच्या सुमाराला, एरंडोल मागे पडलं आणि जाळीतून गरम वारा यायला लागला. मागे बहीण आणि तिचं दीड वर्षाचं लेकरू. काचा खाली केल्या की झळा, वर केल्या की भट्टी. याच तक्रारीसाठी आधीच्या महिन्यात दोनदा गॅस भरून झाला होता. "गॅस संपना व्हई, भाऊ," एवढंच उत्तर दोन्ही वेळा मिळालं होतं. गॅस पुरेसा होता. कंप्रेसरच्या, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, तोंडाशी असलेल्या क्लचमधली फट वाढली होती आणि ती कमी करायला एक पातळ वॉशर काढावा लागला, बस.

जळगाव-धुळ्याकडच्या उन्हाळ्यात हा दोष फार फसवतो, कारण गॅरेजमध्ये सकाळी गाडी नेली की एसी बरोबर चालतो. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: क्लच तपासायचा तो गाडी तापलेली असताना, दोष समोर दिसत असताना.

असं का होतं ते आधी समजून घ्या. इंजिन चालू असलं की बेल्टमुळे कंप्रेसरची पुली सतत फिरते, पण कंप्रेसर आतून फिरत नाही. एसीचं बटण दाबलं की पुलीमागच्या कॉइलमध्ये करंट जातो, तिचं चुंबक होतं आणि पुढची प्लेट 'टक्' करून पुलीला चिकटते. तेव्हा कुठे कंप्रेसर फिरतो. कॉइल तांब्याच्या तारेची. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. थंड असताना ३.६ ओहम दाखवणारी कॉइल ११० अंशांवर ४.८ ओहमच्या आसपास जाते. १२ व्होल्टवर ३.३ अँपिअरचा करंट २.५ वर येतो आणि चुंबकाची ओढ जवळपास निम्म्यावर. प्लेट झिजून फट वाढलेली असेल, तर ही उरलेली ओढ तिला खेचू शकत नाही. भुसावळचं ४५ अंशांचं ऊन आणि वर बॉनेटखालची आच, म्हणजे दुपारचा क्लच हा सकाळचा क्लच राहत नाही.

हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी. डोक्याचा रुमाल, ओढणी, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. आणि गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी वायरींना अजिबात हात लावू नका, तिथला कंप्रेसर वेगळा असतो. काही नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांतही असा क्लच नसतो. मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

आता कामाला लागू. इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर पूर्ण. बॉनेट उघडून थोडं लांबून पुलीच्या पुढची प्लेट बघा. प्लेट अजिबात फिरत नसेल तर वीज पोचत नाही, कॉइल गेली आहे किंवा फट वाढली आहे. प्लेट चिकटून लगेच सुटत असेल तर बहुतेक गॅस कमी आहे किंवा दाब फार वाढतो आहे. प्लेट फिरते पण घसरते, जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे. एसी बंद असतानाही घरघर ऐकू येत असेल तर पुलीचं बेअरिंग बघा. ते जाम झालं तर बेल्ट तुटतो आणि अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही असतो. ते काम लांबवू नका.

मग इंजिन बंद करून किल्ली काढा आणि पुढची प्लेट हाताने फिरवून पाहा. थोडा जोर लावून फिरली पाहिजे. हलतच नसेल तर कंप्रेसर आतून जाम आहे, आणि नवा क्लच बसवून पैसे वाया जातील.

वीज तपासायला फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) बघा. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले सारखाच असतो; नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून पाहा. नंतर कंप्रेसरजवळचा कनेक्टर सोडवा आणि एसी चालू असताना मल्टीमीटरने वायरीकडच्या बाजूला व्होल्ट मोजा. बॅटरीइतके यायला हवेत. काहीच येत नसेल तर क्लचला दोष देऊ नका. गॅस कमी असला की प्रेशर स्विच वीज तोडतो, इंजिन जास्त तापलं तरी गाडीचा कॉम्प्युटर एसी बंद करतो. व्होल्ट आले म्हणून लगेच निश्चिंतही होऊ नका, कनेक्टर जोडून पुन्हा मोजा. जोडल्यावर एक-दोन व्होल्ट खाली गेले तर वायर, रिलेचे पॉइंट किंवा अर्थिंग गंजलेलं आहे.

कॉइलचा रेझिस्टन्स गाडी बंद करून, कनेक्टर सोडवून मोजा. साधारण ३ ते ५ ओहम ठीक. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट आहे आणि फ्यूज पुन्हा उडणार. तापलेली असताना आणि थंड झाल्यावर, दोन्ही वेळा मोजून लिहून ठेवा. माझ्या गाडीची कॉइल दोन्ही वेळा ठणठणीत होती, म्हणूनच नजर फटीकडे गेली.

फट मोजायला फिलर गेज लागतं, ते कुठल्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतं. प्लेट आणि पुली यांच्यामध्ये तीन-चार जागी पाती घालून बघा. बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. खात्री करायला अजून एक सोपी चाचणी आहे. इंजिन बंद ठेवून, १० अँपिअरचा फ्यूज असलेल्या वायरीने बॅटरीचे १२ व्होल्ट थेट कॉइलला द्या. काही कॉइलमध्ये डायोड असतो, म्हणून प्लस-मायनस उलटं करू नका. प्लेट आपोआप ओढली जात नसेल, पण लाकडी काठीने हलकं ढकलताच टक् करून चिकटून राहत असेल, तर दोष फटीचा. इंजिन चालू असताना ही काठी कधीही वापरू नका.

दुरुस्ती अशी : मधला बोल्ट सोडवला की प्लेट निघते, तिच्या मागे शाफ्टवर पातळ वॉशर असतात. एक काढा, प्लेट बसवा, पुन्हा मोजा. पुली आणि प्लेट घासू नयेत, एसी बंद असताना पुली मोकळी फिरली पाहिजे. वॉशर संपले आणि तरी फट मोठीच असेल, किंवा प्लेट निळी पडली असेल, तर नवीन प्लेट घ्या.

गॅसबद्दल मी आग्रहाने सांगतो. पेट्रोलसारखा तो खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायला सांगा. प्रेशर स्विच वायरीने जोडून कंप्रेसर चालवू नका. त्याचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नसला की तो कोरडा चालून जाम होतो. गॅस स्वतः सोडू नका, त्याने त्वचा आणि डोळे गोठतात.

आपल्याकडे जिनिंगची रुई आणि रस्त्याची धूळ कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीवर, थापली जाते. दाब वाढून एसी बंद पडतो आणि क्लचवर ताण येतो. महिन्यातून एकदा इंजिन थंड असताना साध्या पाण्याने धुवा. प्रेशर पाइप जवळून मारला तर पातळ पात्या वाकतात. आणि एसी लावताच समोरचा पंखा फिरतो का, हेही त्याच वेळी बघून घ्या.