राइझोपसमधला भाडेकरू काढून कसा बघायचा

भाताच्या रोपवाटिकेत मुळांची टोकं फुगून रोपं मरतात, तो रोग राइझोपस मायक्रोस्पोरस या बुरशीच्या नावावर जमा आहे. त्यातलं राइझॉक्सिन हे विष मात्र तिच्या धाग्यांत राहणारे जिवाणू करतात. जर्मनीत येनाला पार्टिडा-मार्टिनेझ आणि हर्टवेक यांनी 2005 मध्ये हे दाखवलं. 2007 मध्ये पुढची गंमत कळली: जिवाणू काढले की बुरशीला बीजाणूच धरत नाहीत. प्रकल्पाला येणाऱ्या पोरांना मी हाच प्रयोग लावते.

आधी एक ताकीद. म्युकरमायकोसिस 2021 मध्ये आपण सगळ्यांनी पाहिलाय, ही बुरशी त्याच गोतावळ्यातली. साध्या लॅमिनारचा, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कामाच्या कपाटाचा, वारा तुमच्याच तोंडावर येतो, म्हणून काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच, म्हणजे काम करणाऱ्यालाही जपणाऱ्या बंदिस्त कपाटात. मधुमेह असेल तर दुसरा प्रयोग घ्या.

पीडीए (बुरशी वाढवायचं बटाटा-साखरेचं अगार) ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा, हाताला सोसेल इतका निवला की सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे जिवाणू मारणारं औषध घाला. मी मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅमच्या आसपास ठेवते. दुकानातली गोळी कुटून घालू नका, तिच्यात औषधाशिवाय बरंच काही असतं. शुद्ध पावडर पाण्यात विरघळेना, तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब पुरतात. वाढत्या कडेचा बारीक तुकडा उचलून नव्या प्लेटवर, असं पुन्हा पुन्हा करा. मूळ वाणाची, म्हणजे जिवाणू असलेल्या बुरशीची, प्लेट करडी होऊन झाकणाखाली काळे ठिपके (बीजाणूंच्या पिशव्या) दिसतात; उपचार केलेली कापसासारखी पांढरी राहते.

इथेच पोरं टाळ्या वाजवतात. थांबा! औषधानेच बीजाणू अडवले नसतील कशावरून? म्हणून दोन गोष्टी हव्यात. पांढरी बुरशी औषधाविना प्लेटवर वाढवून बघा. आणि शिळ्या पावावरचा, जिवाणू नसलेला राइझोपस त्याच औषधावर लावा. तो काळा पडला तर औषध निर्दोष. त्यानंतर 16एस पीसीआर, म्हणजे जिवाणूंचा डीएनए उरलाय का ते बघणारी चाचणी; सोबत मूळ वाणाचा नमुना हवाच.

उष्णता नि कोरडेपणा सोसण्याची तुलना करायची असेल तर मूळ आणि पांढरा, दोन्ही वाणांचे धागेच घ्या. एकीकडे बीजाणू आणि दुसरीकडे नुसते धागे ठेवले, तर फरक बीजाणूंचा निघेल, जिवाणूंचा नाही. बीजाणूच नाहीत म्हटल्यावर पांढऱ्या वाणाचा साठाही धाग्यांच्या तुकड्यांचाच करावा लागतो.

खरा पुरावा शेवटी: मूळ वाणातून वेगळे काढलेले जिवाणू पांढऱ्या बुरशीसोबत वाढवा. काइटिनेज विकराने भिंत पोखरून ते आत शिरतात. पुन्हा काळे ठिपके आले की मग टाळ्या.