बर्फावरची माशी ओळखताना या चुका टाळा (मनालीला निघालेल्या खान्देशी मंडळींसाठी)

जानेवारी आला की जळगाव-भुसावळकडची निम्मी जनता मनालीला असते, स्टेटस बघून तरी मला तसंच वाटतं. बर्फात लोळून झालं, मॅगी खाऊन झाली की कुणीतरी एक फोटो टाकतोच, पांढऱ्याफेक बर्फावर एक काळा ठिपका आणि खाली "हाई काय शे भो?" मला किड्यांचा नाद आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे तो फोटो फिरत फिरत माझ्याकडे येतो आणि बहुतेक वेळा मला काहीच सांगता येत नाही, कारण गडबड फोटो काढतानाच झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक मात्र मी स्वतःच केलेली आहे, ती आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही मनालीच्या पुढे, बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला गेलो होतो, अटल टनेल २०२० ला सुरू झाल्यापासून आता भर हिवाळ्यातही पलीकडे जाता येतं ना. तर तिथे नदीच्या काठाला बर्फावर तांदळाच्या दाण्याएवढा काळा किडा आरामात चालत होता. बिनपंखाची बर्फातली माशी असते एवढं मी कुठेतरी वाचलेलं, झालं, लगेच ग्रुपवर टाकलं की स्नो फ्लाय सापडली! रात्री हॉटेलात रजईत बसून फोटो मोठा करून बघतो तर पाठीवर पंख आहेत, एकावर एक सपाट मिटून ठेवलेले, आणि मागे दोन शेपट्या. माशीला कुठे शेपट्या असतात? तो स्टोनफ्लाय होता. याची पिल्लं थंड ओढ्यात दगडांखाली वाढतात आणि याच्या काही जाती ऐन हिवाळ्यात बाहेर पडून काठच्या बर्फावर हिंडतात. गंमत म्हणजे इंग्रजीत कुणी कुणी त्यालाही स्नोफ्लायच म्हणतं, म्हणजे घोळ काही फक्त माझा नाही.

नावावर जाऊ नका, एवढंच म्हणणं आहे. आपल्याकडे कपाशीवरच्या पांढऱ्या माशीला प्रत्येक शेतकरी माशीच म्हणतो, पण ती माशी नाहीच, रस शोषणारा चार पंखांचा किडा आहे, मावा-तुडतुड्यांच्या खानदानातला. मधमाशीही खऱ्या माश्यांत येत नाही. फळमाशी मात्र खरी माशी. खऱ्या माशीला पंख दोनच, आणि त्यांच्या मागे टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक दांडे, त्यांना संतुलक म्हणतात, उडताना तोल सांभाळायला. बर्फावर काहीही दिसलं तरी आधी हे शोधा, बाकीचं नंतर.

आता इथे लोक उलटी चूक करतात, पंख नाहीत म्हणजे माशी नाही असं ठरवून मोकळे होतात. पण खरी जी स्नो फ्लाय, कायोनिया, तिला पंखच नसतात, नुसते खुंट उरलेत, संतुलक मात्र तसेच शाबूत आहेत. लांब तंगड्यांच्या क्रेन फ्लायची ही जवळची नातेवाईक, अंग जेमतेम अर्धा सेंटिमीटर, आणि दिसते अगदी कोळ्यासारखी. १८१६ मध्ये डालमन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने हिचं पहिलं वर्णन केलं तेव्हा जातीचं नावच 'कोळ्यासारखी' या अर्थाचं ठेवलं, आरेनिओइडिस.

मग पाय मोजू ना, सहा असले तर कीटक, आठ असले तर कोळी, शाळेतलंच आहे की! तर इथेही फसायला होतं. २०२३ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी या माश्या थर्मल कॅमेऱ्याखाली ठेवून थंड करत नेल्या. अंगाचं तापमान सरासरी उणे ७ अंशापर्यंत उतरलं तरी त्या चालत राहिल्या, आणि एखाद्या पायात पाणी गोठायला लागलं की ते गोठणं अंगात शिरायच्या आत माशी तो पायच तोडून टाकते. पाल शेपटी टाकते तसं, फक्त पालीची परत येते आणि हिचा पाय गेला तो गेलाच. त्यामुळे चार-पाच पायांची माशीही सापडू शकते, आणि दोन-तीन पाय गमावलेला कोळी पण असू शकतो, नुसत्या आकड्याने काही ठरत नाही. डोक्यावर मिशा आहेत का बघा, कोळ्याला मिशा नसतात, आणि कोळ्याच्या अंगाचे भाग दोनच.

आणि एक, गूगलवर पहिला फोटो जुळला की तेच नाव चिकटवू नका. कायोनियाच्या ज्या जाती आपण नेटवर बघतो त्या युरोप, अमेरिका, जपानकडच्या, उंदीर-घुशींच्या बिळात आणि बर्फाखालच्या पोकळीत राहणाऱ्या. हिमालयाची स्वतःची वेगळीच वस्तू आहे आणि आपल्याला तीच माहीत नसते याचं मला जरा वाईट वाटतं. नेपाळमधल्या लांगटांग भागात 'याला' (Yala) नावाची हिमनदी आहे, तिथे शिरो कोहशिमा या जपानी संशोधकाला डासासारखा दिसणारा पण न चावणारा एक किडा सापडला, १९८४ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला, पुढे त्याचं नावही डायामेसा कोहशिमाई असं पडलं. पंख इतके तोकडे की उडता येत नाही, नुसता चालतो, आणि उणे १६ अंशातही हालचाल चालू! त्याच्या अळ्या हिमनदीवरच्या वितळपाण्याच्या नाल्यांत शेवाळ आणि बॅक्टेरिया खाऊन वाढतात. पण याला तळहातावर घेतलं तर आपल्या हाताच्या उबेनेच तो आधी सैरभैर होतो आणि मग लुळा पडतो. म्हणून सांगतो, हातावर घेऊन फोटो नको. कार्डाचा तुकडा सरकवा खाली.

बर्फावर काळी मिरीपूड सांडल्यासारखं दिसलं आणि काडी लावल्यावर ती पूड उड्या मारायला लागली तर ते स्प्रिंगटेल, माशी नाही. पोटाखाली दुमडलेला काटा सोडून टुणकन उडतात. त्यांच्या एका जातीच्या अंगात पाणी गोठू न देणारं प्रोटीन २००५ मध्ये कॅनडात सापडलं, तो वेगळा विषय.

हालतंय म्हणजे ते थंडीतच राहणारं आहे, हा पण मोठा गैरसमज. खालच्या गरम खोऱ्यातून वारा किडे उचलून वर नेतो, थंडीने ते बधिर होऊन बर्फावर पडतात, हिमालयातल्या उंचावरच्या किड्यांचा अभ्यास करणाऱ्या एम. एस. मणी यांनी हे कधीच लिहून ठेवलंय. पाच मिनिटं थांबून बघा, सरळ चालत एका दिशेने जातोय का कुशीवर पडून पाय झाडतोय. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेला एक 'दुर्मिळ' फोटो निघाला घरमाशीचा, बहुतेक मॅगीच्या तंबूतून आलेली.

आपल्या सातपुड्यात तोरणमाळ, डाबकडे थंडीत दव गोठतं तेव्हा बर्फ पडला म्हणून फॉरवर्ड येतात, त्या गवतावरचे किडे तर नेहमीचेच असतात, ऊन आलं की उडून जातात.

फोटोचं थोडं. पांढऱ्या बर्फामुळे कॅमेरा फसतो आणि किडा नुसता काळा गोळा येतो, म्हणून किड्यावर टॅप करून उजेड वाढवा, वरून एक आणि बाजूने एक तरी घ्या, बाजूने घेतल्याशिवाय संतुलक दिसत नाहीत. मापासाठी नाणं ठेवताय तर कुठल्या सालचं ते लिहा, रुपयाची नाणी सालाप्रमाणे लहान-मोठी आहेत, त्यापेक्षा छोटी पट्टी बरी. मोबाईलमधलं तापमान गावाच्या हवेचं असतं, बर्फाचं नाही. ऊन होतं का सावली, जवळ पाणी होतं का, तेही टाका. आणि अभयारण्यात किंवा नॅशनल पार्कात परवानगीशिवाय किडा उचलून बाटलीत भरू नका.

सराव घरीच होतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली जे न चावणारे डास जमतात ना, पिसासारख्या मिशांचे नर, ते त्या हिमनदीवाल्याच्याच कुळातले. एक मेलेला घ्या आणि दहा पटीच्या भिंगाखाली संतुलक शोधा, जळगावात सोनाराच्या भिंगाला तोटा नाही. आणि तिकडून मला फोटो पाठवाल तेव्हा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर माझ्यापर्यंत येईस्तोवर शेपट्या पण गायब होतात.