हैदराबादेत कूल रूफ करायचंय? आधी प्लॉटचा कागद काढा

मी मूळचा नांदेडचा, हैदराबादेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. 2023 साली तेलंगणाचं कूल रूफ (ऊन परतवून कमी तापणारं छत) धोरण आल्यापासून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "आम्हाला लागू आहे का हो?"

कागद काढा आणि प्लॉट बघा, बांधकाम नव्हे. 600 चौरस गज किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं राहतं घर बांधत असाल तर सक्ती आहे, त्याखाली तुमची मर्जी. सरकारी आणि व्यापारी इमारतींना मात्र प्लॉट केवढाही असो, सुटका नाही.

दुकानात नुसतं "पांढरा रंग द्या" म्हणालात की भिंतीचा रंग गळ्यात पडतो. एसआरआय (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स, छत उन्हात किती कमी तापतं त्याचा आकडा) किती ते विचारा. मोजपट्टीवरच्या काळ्याला 0, पांढऱ्याला 100. छत ऊन किती परतवतं आणि मुरलेली उष्णता किती बाहेर टाकतं, या दोन्हींवरून तो निघतो. कोरा चकचकीत पत्रा पहिल्यात पास, दुसऱ्यात नापास. म्हणून तर हात भाजतो. मोठ्या व्यापारी इमारतींसाठीचा ईसीबीसी 2017 (केंद्राची ऊर्जाबचतीची बांधकाम संहिता) सपाट छताला परावर्तन, म्हणजे ऊन परतवणं, किमान 0.60 आणि उत्सर्जन, म्हणजे उष्णता बाहेर टाकणं, 0.90 मागतो, पण तेही ताज्या रंगाचं. धूळ बसली की परावर्तन घसरतं. कॅलिफोर्नियात तीन वर्षं उघड्यावर ठेवलेल्या नमुन्याचा आकडा धरतात. विक्रेत्याकडे तोच मागा. टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान.

आता काम. गच्ची तारेच्या ब्रशने घासा, शेवाळ काढा, धुवा. भेगा भरा, कठड्याच्या कडेचा वाटा (सिमेंटची गोलाई) सुटला असेल तर नव्याने मारा. मग पाणी कोंडून एक दिवस ठेवा आणि खालच्या खोलीचं छत बघा. गळत्या स्लॅबवर रंग म्हणजे जखमेवर पावडर.

यानंतर स्लॅब खडखडीत वाळू द्या. इथे मी स्वतः फसलोय. पावसाने चार दिवस उघडीप दिली म्हणून घाई केली, तर पापडासारखे फुगे आले. सगळं खरवडलं, पुन्हा मारलं, पैसे माझ्या खिशातून.

प्राइमर, मग दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. सकाळी लवकर सुरू करा, तापल्या स्लॅबवर रंग ब्रशलाच सुकतो. आणि जिन्याच्या दारापासून सुरुवात करू नका, नाहीतर कोपऱ्यात अडकून बसाल. आमचा एक पोरगा बसला होता, संध्याकाळपर्यंत.

होळी झाली की दरवर्षी गच्ची धुऊन घ्या.