साठीनंतर डोळ्याचा पडदा तपासायचा तो असा

आम्हा बडोदेकर मराठी माणसांच्या घरात संक्रांत असते आणि गच्चीवर उत्तरायण. तिळगूळ देऊन झाला की सगळे वर, माना आभाळाकडे. पुढच्या वेळी एक करून बघा. सूर्याकडे पाठ करा आणि पतंग सोडून नुसत्या निळ्या आभाळाकडे टक लावा. थोड्या वेळाने बारीक चमकते ठिपके वळणं घेत, नाडीच्या ठेक्यावर पळताना दिसतील. ते आभाळात नसतात. तुमच्याच डोळ्याच्या पडद्यावरच्या केशवाहिन्यांतून धावणाऱ्या त्या पांढऱ्या पेशी. लाल पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, पांढऱ्या जाऊ देतात, म्हणून त्या उजळ दिसतात.

गंमत पुढेच आहे. नजर जिथे रोखलेली असते, नेमका तिथे एकही ठिपका फिरकत नाही. पडद्याच्या मधोमध सुमारे अर्धा मिलिमीटर जागेत रक्तवाहिनीच नाही. सुईत दोरा ओवायचा, पंचांग वाचायचं, समोरून कोण येतंय ते ओळखायचं, ही सगळी कामं तीच जागा करते. आणि तिला रक्त मिळतं ते पडद्याच्या मागच्या बाजूने, तिथे पसरलेल्या वाहिन्यांच्या दाट थरातून. डोळ्यात येणाऱ्या रक्तातला मोठा वाटा या मागच्या थरातूनच वाहतो.

वय होतं तसा हा थर पातळ होतो. तो थर आणि पडदा यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा आहे, तो जाड होतो आणि त्यात चरबी साठते. प्राणवायू आत येण्याचा आणि कचरा बाहेर जाण्याचा रस्ता तोच असल्यामुळे कचरा तिथेच पिवळसर ठिपक्यांच्या रूपाने साचू लागतो. ठिपके थोडे असतील तर काही बिघडत नाही. वाढले, मोठे झाले, की मधली नजर झिजू लागते. कधी कधी मागून नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि पाझरतात. मग मात्र नजर आठवड्या-दोन आठवड्यांतही घसरू शकते.

दांडिया बाजारातल्या माझ्या काकांनी एका वर्षात दोनदा चष्मा बदलला. "नंबर वाढलाय," एवढंच म्हणायचे. एकदा उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो मिटला, आणि समोरच्या घराचा नळाचा सरळ पाइप डाव्या डोळ्याला नागमोडी दिसला. तो डोळा किती दिवसांपासून बिघडला होता कोण जाणे. चांगल्या डोळ्याने त्याला सांभाळून घेतलं होतं. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो, चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे.

घरी करायचं ते आधी

भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. तारखांच्या चौकटी हव्यात म्हणून म्हणतो, मुलांची गणिताची चौकटीची वहीही चालेल. वाचायचा चष्मा लावा, उजेड चांगला असू द्या, कागद साधारण फूटभर अंतरावर धरा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. मधल्या एका तारखेवर नजर ठेवा आणि ती न हलवता आजूबाजूच्या रेघा कशा दिसतात ते पाहा. कुठे रेघ वाकते का, तुटते का, एखादी चौकट पुसट किंवा गायब आहे का? मग दुसरा डोळा. आठवड्यातून एकदा पुरे. डॉक्टरांनी पिवळे ठिपके आहेत असं सांगितलं असेल तर रोज. मार्क अम्सलर या स्विस नेत्रवैद्याने याच कामासाठी चौकटींचा खास तक्ता केला. तो डॉक्टरांकडे मागितला तर मिळतो आणि कॅलेंडरपेक्षा अर्थातच बरा.

रेघा सरळ दिसल्या म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. मधुमेहाने पडद्याची नासाडी सुरू झाली तरी बराच काळ काहीच जाणवत नाही. म्हणून पुढची पायरी टाळता येत नाही.

थेंब घालून तपासणी

चाळिशीत एकदा, पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी. मोठेपणी जडलेला मधुमेह असेल तर तो कळल्याबरोबर आणि मग दरवर्षी, वय काहीही असो. वेळ ठरवताना "पडदा बघायचाय, थेंब घालून" असं स्पष्ट सांगा, नाहीतर नंबर काढून घरी पाठवतील.

जाताना जुना चष्मा, चालू गोळ्यांची यादी, ताज्या साखरेचा आणि रक्तदाबाचा आकडा न्या. घरात कोणाची नजर म्हातारपणी गेली असेल तर तेही सांगा. पूर्वी कोणी काचबिंदूचा किंवा डोळ्याचा कोन अरुंद असल्याचा उल्लेख केला असेल, तर तो थेंब घालण्याआधी सांगायचा. थेंबांनंतर बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन खुपतं. स्कूटर घरी ठेवा, रिक्षाने जा, गॉगल न्या, सोबत कोणीतरी असू द्या. त्या दिवशी खंडेराव मार्केटात भाजीचे भाव वाचायला उभे राहू नका. नंतर डोळा खूप दुखला, लाल झाला, मळमळलं, तर लगेच परत जा.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1851 मध्ये डोळ्यात डोकावण्याचं उपकरण जगापुढे मांडलं, तेव्हापासून वैद्यांना एक विलक्षण सोय झाली. शरीर न कापता जिवंत रक्तवाहिन्या थेट पाहता येतात अशी ही जागा. तेव्हा डॉक्टरांना फक्त "नजर कशी आहे" विचारू नका, "वाहिन्या कशा आहेत" हेही विचारा. पडद्यावर धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींवर एकच आवरण असतं. रक्तदाबाने आणि वयाने धमनी कडक झाली की ती शीर दाबते. शीर तुंबली की रक्त पडद्यावर सांडतं. दाबाची खूण आधी दिसली तर रक्तदाबाची गोळी नीट लावून घ्यायला वेळ मिळतो. गरज वाटली तर ओसीटी नावाचा पडद्याचा स्कॅन काढतात. त्यात पडद्याचे थर आडवे चिरल्यासारखे दिसतात, आणि त्रास काहीच होत नाही.

घरातला उजेड

विशीतल्या मुलाच्या तुलनेत साठीच्या माणसाच्या पडद्यावर जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळं पडलेलं असतं. त्यात अंधारात पाहणाऱ्या पेशी वयानुसार आधी कमी होतात आणि अंधाराला सरावायला जास्त वेळ लागतो. नवरात्रात गरब्याच्या झगमगाटातून पोळातल्या, म्हणजे जुन्या दाटीच्या गल्लीतल्या, अंधाऱ्या जिन्यावर आजी पाय टाकते तेव्हा ती "उगाच घाबरत" नसते. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पांढरा रंग किंवा पट्टी मारा, बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा.

तंबाखू आणि विडी-सिगारेट यांबद्दल थोडक्यात: मधली नजर घालवणाऱ्या कारणांत, आपल्या हातातलं सर्वांत मोठं तेच. फाफडा-गाठिये आणि पापड-लोणचं यांतलं मीठ रक्तदाबाच्या खात्यात जमा होतं हे लक्षात ठेवा. पालक, मेथी, मका जेवणात असू द्या. "डोळ्यांच्या गोळ्या" मात्र दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका. जस्त आणि ल्युटिनच्या त्या गोळ्यांचा फायदा ठिपके बऱ्यापैकी वाढलेल्यांनाच दिसला आहे, निरोगी डोळ्याला नाही. बीटा कॅरोटिन असलेली गोळी तर धूम्रपान करणाऱ्यांनी घेऊच नये, त्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

थांबायचं नाही अशा वेळा

एका डोळ्यापुढे अचानक अंधार, दुखत नसतानाही. पाच मिनिटांत परत दिसू लागलं तरी. ही पडद्याच्या धमनीची अडचण असू शकते, अर्धांगवायूच्या झटक्याची बहीण. डोळ्याच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

एकदम माशांचा थवा उडाल्यासारखे काळे ठिपके, विजा चमकल्यासारखं दिसणं, कडेने पडदा सरकत आल्यासारखं वाटणं: डोळ्याचा पडदा फाटत किंवा सुटत असू शकतो. त्याच दिवशी जायचं. पन्नाशीपुढच्या माणसाची कानशिलं दुखत असतील, चावताना जबडा दुखत असेल आणि नजर अंधुक होत असेल, तरीही त्याच दिवशी. त्यात दुसरा डोळाही जाऊ शकतो.

रेघा वाकड्या दिसू लागल्या तर आठवड्याच्या आत. काकांना डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली. नाव ऐकून ते दोन रात्री झोपले नव्हते. आधी बधिर करणारे थेंब घालतात. "मुंगी चावल्यासारखं," असं ते आता सांगतात. पाइप अजून थोडा वाकडाच दिसतो, पण वर्तमानपत्र ते स्वतः वाचतात.